तडा कुठं गेलाय? प्लास्टिकला की लोखंडाला?

 

मी बिद्रीतून बोलतोय. नकाशावर शोधायचं तर कोल्हापूर-गारगोटी रस्ता, कागल तालुका. आणि ओळख सांगायची तर बिद्रीचा साखर कारखाना. आज कोडिंग, ॲप, इंटरव्ह्यू काही नाही. आज जरा ग्रीसमध्ये हात घालूया. विषय आहे जुन्या गाडीचं तडकलेलं स्टेअरिंग, आणि ते घरच्या घरी नीट कसं करायचं.

तुम्ही म्हणाल, ह्यात काय एवढं? कव्हर घाल आणि सोड. आपल्याकडं बहुतेक जण तेच करतात. काळं रेक्झिनचं कव्हर, कडेनं दोरी ओवलेली, विषय संपला. पण ज्यांच्या शेडमध्ये जुनी फियाट, पद्मिनी, ॲम्बॅसिडर नाहीतर जीप उभी आहे, त्यांनी हा भाग शेवटपर्यंत ऐका. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. स्टेअरिंगला तडा दिसला, की तो बुजवण्याआधी तो कुठंपर्यंत गेलाय ते बघा. वरच्या प्लास्टिकला गेला असेल तर दुरुस्ती तुमच्या हातात आहे. आतल्या लोखंडाला गेला असेल तर नाही.

आधी गाडीबद्दल दोन शब्द. आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी आहे, १९८६ ची. नंबर जुना, तीन अक्षरी, म्हणजे एमएच ०९ सुरू व्हायच्या आधीचा. आता गंमत बघा. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ साली सुरू केली वालचंद हिराचंद यांनी. माणूस मूळचा सोलापूरचा. वालचंदनगरचा साखर कारखानाही त्यांचाच. म्हणजे साखर आणि मोटार या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात होत्या. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यानं गाड्या बनायच्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डी आली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी नावानं विकली जाऊ लागली. इंजिन १०८९ सीसी. गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. पॉवर स्टेअरिंग नाही.

हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. आजच्या गाडीत तुम्ही एका बोटानं स्टेअरिंग फिरवता, कारण पुढची चाकं वळवायचं काम मोटर करते. पद्मिनीत ते काम तुमचे खांदे करतात. म्हणून जुन्या गाड्यांची स्टेअरिंग मोठी असायची. कडं जेवढं मोठं, तेवढा तुमच्या हाताचा जोर जास्त लागू पडतो. विहिरीच्या रहाटाला लांब दांडा असला की बादली हलकी लागते ना, तसंच. पण हा सगळा जोर कड्यावरून दांड्यांत आणि दांड्यांतून मधल्या हबमध्ये जातो. म्हणजे कडं आणि दांडा जिथं जुळतात, तो सांधा सगळ्यात जास्त सोसतो. आणि जुनी स्टेअरिंग बघा, तडे नेमके तिथंच असतात.

आमच्या गाडीला पाच तडे होते. त्यातले तीन दांड्याच्या सांध्यापाशी. आणि वडिलांनी ठरवलं होतं की दिवाळीला गाडी कोकणात न्यायची, फोंडा घाटातून. आता घाटाचं वळण, गाडीत चार माणसं, आणि हातात ते स्टेअरिंग. तिथं जर कडं दांड्यापासून सुटलं, तर पुढं काय होईल हे सांगायला नको. म्हणून मी वडिलांना म्हटलं, "आधी मिस्त्रींना दाखवूया, मग तारीख ठरवूया." त्यांना ते फारसं आवडलं नाही. चाळीस वर्षांची गाडी, एकदाही दगा दिला नाही, आणि कालचा पोरगा मला घाट शिकवतोय, असा सगळा चेहरा.

मिस्त्री आमच्याकडचे जुने, आयुष्यभर जीप आणि ट्रॅक्टर केलेले. त्यांनी स्टेअरिंगवरून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाळ, ही वरची कापडं हाईत. कापडं फाटली म्हणून माणूस मरत न्हाई. आत हाड कसं हाय ते बघायला पायजे."

मला हे एकदम पटलं, कारण आमच्या धंद्यात रोज हेच चालतं. स्क्रीनवर काहीतरी वाकडं दिसतं. ते कधी नुसतं दिसण्यापुरतं असतं, कधी मागं डेटाबेसच फाटलेला असतो. स्क्रीनवर पट्टी लावून दोन्ही झाकता येतं. फरक नंतर कळतो.

तर आत काय असतं? लोखंडी सळईचं एक गोल कडं, त्याला जोडलेले लोखंडी दांडे, मधे हब. त्यावर प्लास्टिक किंवा कडक रबर ओतून बसवलेलं. फार जुन्या गाड्यांची स्टेअरिंग लाकडाची, मग कडक रबराची, मग सेल्युलोजपासून केलेल्या प्लास्टिकची आली. जोर लोखंड घेतं. प्लास्टिक हाताला धरायला बरं लागावं म्हणून असतं.

मग प्लास्टिक तडकतं का? इथं थोडं गणित करू, लई सोपं आहे. लोखंड एक डिग्री तापलं, की मीटरमागं साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. प्लास्टिक जातीनुसार त्याच्या पाच ते दहा पट, कधी त्याहूनही जास्त वाढतं. समजा स्टेअरिंगचा व्यास ४० सेंटिमीटर आहे. म्हणजे कड्याचा घेर झाला सव्वा मीटर. थंडीतली पहाट १५ डिग्री, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत काचेमागं ६५ डिग्री. फरक ५० डिग्रीचा. एवढ्या फरकात लोखंड वाढतं पाऊण मिलिमीटर. आणि प्लास्टिक आठ पट धरलं, तर त्याला वाढायचं असतं सहा मिलिमीटर. पण ते लोखंडाला चिकटलेलं आहे, जाणार कुठं? गरम झालं की ते दबतं, गार झालं की ताणतं. रोज. चाळीस वर्षं. त्यात प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू उडून जातात, ते आकसतं आणि ठिसूळ होतं. एका थंड सकाळी तडा जातो.

पुढचं काम आपला पाऊस करतो. तड्यातून ओल आत जाते, लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि प्लास्टिकला आतून बाहेर ढकलतो. घराच्या स्लॅबची सळई गंजली की खालचं प्लास्टर फुगून पडतं, तसंच. म्हणून तड्याच्या कडेला तांबूस डाग दिसला, तर समजा की ओल लोखंडापर्यंत पोचली आहे. आणि म्हणूनच कव्हर घालणं वाईट. कव्हरखाली घाम आणि ओल साठून राहते, आणि तडा वाढलेला दिसत नाही.

आता तपासणी. हे तुम्ही आजच करू शकता, काही खर्च नाही. गाडी उभी, इंजिन बंद. कव्हर असेल तर काढा. कडं दोन्ही बाजूंनी धरा आणि आधी तुमच्याकडं ओढा, मग पुढं ढकला, मग एक हात वर एक हात खाली करून पिरगाळल्यासारखं करा. सगळं स्टेअरिंग एकसंध हललं पाहिजे. कडं दांड्यापासून वेगळं लवत असेल, तडा उघडझाप करत असेल, करकर आवाज येत असेल, तर गाडी तिथंच थांबवा. स्टेअरिंग थोडं मोकळं फिरतं, त्याला आपण प्ले म्हणतो, तो वेगळा विषय आहे. त्याचा संबंध खालच्या बॉक्सशी आणि जोडण्यांशी आहे, तड्याशी नाही.

बाहेरून ठीक वाटलं, तर मग स्टेअरिंग काढायचं. बॅटरीची वायर आधी काढा, कारण हॉर्नचं कनेक्शन मधूनच जातं. पुढची चाकं सरळ ठेवा. मधला नट ढिला केला, की हब आणि शाफ्ट यांच्यावर रंगाची एक बारीक रेघ मारा, म्हणजे परत बसवताना दात नेमके तिथंच बसतील. आणि मग पुलर लावा. मागून हातोडा मारू नका. तो मार शाफ्टमधून थेट स्टेअरिंग बॉक्सला आणि बेअरिंगला बसतो. पुलर नसेल तर कोणत्याही चांगल्या लेथवाल्याकडून करून घेता येतो. आपण कोल्हापूरवाले आहोत, शिवाजी उद्यमनगर जवळ असताना पुलरसाठी अडायचं कारण नाही.

काढलेलं स्टेअरिंग सपाट काचेवर किंवा टेबलावर पालथं ठेवा. कडं सगळीकडं टेकलं पाहिजे. डुगडुगलं तर आतलं लोखंड वाकलंय. मग प्रत्येक तडा हॅक्सॉ ब्लेडनं आणि बारीक कानशीनं उघडायचा, इंग्रजी व्ही सारखा, वर तीन-चार मिलिमीटर रुंद, खाली थेट लोखंड दिसेपर्यंत. हे करताना मास्क लावा, ती धूळ नाकात जाण्यासारखी नाही. आणि गाडी फार जुनी, परदेशी बनावटीची असेल, तर हीट गनच्या जवळही जाऊ नका. जुनं सेल्युलॉइड झटकन पेट घेतं.

लोखंड उघडं पडलं, की खरा निर्णय होतो. वायर ब्रशनं गंज काढा, पुसा, आणि चांगल्या उजेडात भिंग घेऊन बघा. मोबाईलचा कॅमेरा झूम करूनही चालतं. वरवरचा गंज असेल, खाली धातू अखंड असेल, तर पुढं जायचं. पण लोखंडात केसाएवढी जरी रेघ दिसली, किंवा दांडा जिथं जोडलाय तिथं वेल्डिंग सुटलेलं दिसलं, किंवा गंजानं सळई बारीक झाली असेल, तर काम तिथंच बंद. ॲराल्डाइट लोखंडाचं काम करत नाही. जिथं तुमचा जीव टांगलेला आहे, तिथं घरगुती वेल्डिंगही करू नका. दुसरं स्टेअरिंग शोधा.

त्या दिवशी मी आणि मिस्त्री शेडमध्ये बसून पाचही तडे उघडले, वडील दारात उभे. दोन तड्यांत काहीच नव्हतं. दांड्यापाशी दोन ठिकाणी वरवरचा गंज. पाचवा उघडताना मात्र मी खरंच श्वास धरला होता, कारण तिथून तांबूस पाणी आलेलं होतं. तिथं जर रेघ निघाली असती, तर मला वडिलांना सांगावं लागलं असतं की यंदा घाट नाही, आणि कदाचित हे स्टेअरिंगही नाही. मिस्त्रींनी ब्रश मारला, चिंधीनं पुसलं, भिंग घेऊन दोनदा बघितलं, आणि म्हणाले, "हाड चांगलं हाय." वडील काही बोलले नाहीत. आत जाऊन चहा सांगून आले.

आता भरायचं काम. आधी सगळं स्टेअरिंग साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश वर्षानुवर्षं लावलेलं असेल, तर त्यातलं सिलिकॉन रंगाला धरू देत नाही, म्हणून ते ग्रीस काढायच्या क्लीनरनं पुसून घ्या. थिनर जपून. काही जुनी प्लास्टिक थिनरनं विरघळतात, मागच्या बाजूला कोपऱ्यात थोडं लावून बघा.

दोन भाग मिसळायचं इपॉक्सी घ्या, आणि सावकाश सुकणारं घ्या. पाच मिनिटांत सुकणारं सोयीचं वाटतं, पण उन्हात तापलेल्या गाडीत ते लवकर ढिलं पडतं. आधी पातळ ॲराल्डाइटचा एक हात तड्याच्या आतून, लोखंडाला आणि दोन्ही भिंतींना. ते चिकट असतानाच वर एम-सीलसारखं मळायचं इपॉक्सी दाबून भरा, कुठं हवा राहू देऊ नका, आणि पातळीपेक्षा थोडं वर ठेवा, कारण नंतर घासायचं आहे. गाडीच्या बॉडीला लावतात ती पुट्टी इथं मुख्य भरावासाठी नको. ती ठिसूळ असते, या ओढाताणीत पुन्हा तडकते. शेवटी सुईएवढी भोकं राहिली तर तेवढ्यापुरती ठीक.

आणि वेळेची एक युक्ती, त्या गणितावरून निघालेली. तडा कधी भरायचा? गार वेळी, सावलीत, फट जास्तीत जास्त उघडी असताना. उन्हात तापलेल्या स्टेअरिंगची फट मिटलेली असते. तेव्हा भरलं, तर थंडीत प्लास्टिक आकसणार आणि भराव ओढून फाडणार. गार असताना भरलं, तर उन्हात भराव फक्त दाबला जातो. दाब इपॉक्सी चांगला सोसतं, ओढ तेवढी सोसत नाही. आणि भर पावसात हे काम काढू नका. ओलीत लोखंड काही तासांत परत गंज धरतं, आणि रंगावर पांढुरकी झाक येते. आपल्याकडं दसऱ्यानंतरचे दिवस उत्तम.

एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही. मग घासायचं. आधी ८० नंबरचा पेपर, मग १२०, २२०, ४००. पेपर हातात धरून घासला तर खड्डे पडतात. त्यापेक्षा पट्टी कापा आणि बूट पुसतात तशी कड्याभोवती मागंपुढं ओढा. मागून बोटांच्या खाचा असतील, तर पेपर पाइपच्या तुकड्याला गुंडाळून घासा. डोळे मिटून बोट फिरवा. सांधा बोटाला लागत नाही, तोवर काम झालेलं नाही. डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही.

वर प्रायमर, मग ६०० चा वॉटर पेपर, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. हार्डनर घालायचा टूके रंग टिकतो चांगला, पण त्याची वाफ फुफ्फुसाला वाईट, साधा कापडी मास्क तिथं उपयोगाचा नाही. तो हात पेंटरकडून मारून घ्या. त्याच्याकडं गन आहे, सोय आहे. आणि घरी मारायचाच असेल, तर ऊसवाहतुकीच्या दिवसांत रस्त्याकडचं दार बंद करून मारा. ट्रॉली गेली की धूळ कुठं बसते, ते बिद्रीकराला सांगायला नको.

आता एक वादाचा मुद्दा. मी सगळं स्टेअरिंग एकसारखं नवं करायला निघालो होतो. वडील म्हणाले, उजव्या बाजूची ती जागा राहू दे. तिथं आधी आजोबांचा आणि मग त्यांचा अंगठा टेकून टेकून प्लास्टिक गुळगुळीत झालंय, किंचित खोलगट. तिथं तडा नव्हता. मी नुसता रंग चढवला, भर घातली नाही. आजही अंगठा तिथं आपोआप बसतो. मला वाटतं जुनी गाडी नीट करताना हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावा. हा दोष आहे की हा वापर आहे? दोष काढायचा. वापर ठेवायचा.

नवीन स्टेअरिंग सरळ का घेऊ नये, असं काहीजण विचारतील. लोखंड गेलं असेल तर घ्यायलाच पाहिजे. पण मूळ स्टेअरिंग आता सहज मिळत नाही. पद्मिनी बनायची बंद होऊन वीस वर्षं उलटली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदलेली होती, वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात नशीब असेल तर मिळतं. म्हणजे गाडी जिथं जन्मली, तिथंच तिचे तुकडे विकायला. ॲम्बॅसिडरवाल्यांना निदान २०१४ पर्यंतच्या गाड्यांचे पार्ट मिळतात. सापडलेलं जुनं स्टेअरिंगही आधी काचेवर ठेवून तपासा, मग पैसे द्या.

आणि कागदाचंही एक कारण आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम आणला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावं, त्यात मोठे फेरफार नसावेत. आमच्या गाडीला ते वय २०३६ मध्ये येईल. स्टेअरिंग त्या यादीत नाही हे खरं, पण सवय तीच लागते. शक्य तेवढं मूळ ठेवा, काढलेला स्क्रूसुद्धा डबीत ठेवा. दसऱ्याला कोल्हापुरात दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते, तेव्हा लोक तिच्यासाठी गर्दी करतात. ती गाडी इतक्या वर्षांनंतरही चालत येते, ती कुणीतरी दरवर्षी तिच्याकडं लक्ष देतं म्हणून.

आमची पद्मिनी दिवाळीत फोंडा घाट उतरली आणि चढून परत आली. त्याआधी मिस्त्रींनी नट स्वतः आवळला, ब्रेक आणि स्टेअरिंग बॉक्स बघितला, आणि आठ दिवस गावात चालवून पुन्हा तपासला. सांधे अजून बोटाला लागत नाहीत. या मे महिन्यानंतर परत बघणार.

तर मंडळी, आज घरी गेलात की एवढंच करा. शेडमधल्या गाडीचं कव्हर सोडा, कडं धरा, ओढा, ढकला, पिरगाळा. तडा दिसला तर फोटो काढून ठेवा आणि महिन्याभरानं तोच फोटो शेजारी धरून बघा, वाढला का. आणि लोखंडाला रेघ दिसली, तर वडील कितीही रागावले तरी चावी लपवा.

काही अडलं तर कमेंटमध्ये लिहा, गाडी कुठली आणि कुठल्या सालची ते नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर सावकाश चालवा. नाद खुळा!